ओढ्याच्या अलीकडचा बाण

कुपवाडच्या एका कारखान्याच्या फाटकातून मालकाची गाडी आत आली की कृष्णात खुर्चीवरून उठायचा, टाचा जुळवायचा आणि सॅल्यूट करायचा. बघणाऱ्याला वाटे, काय नम्र माणूस आहे, मान कशी झुकवतो! नम्रपणाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. उजवा हात छातीच्या वर जात नव्हता, म्हणून डोकंच खाली आणून हाताला भेटवायचं, एवढाच तो प्रकार होता. ज्यानं उभी जवानी फौजेत कडक सॅल्यूट ठोकण्यात घालवली, त्या हवालदाराला उतारवयात डोक्याची आणि हाताची अशी तडजोड करावी लागत होती. मालकाला त्याचं काही नव्हतं. तो फोनवर बोलत बोलत आत जायचा.

आष्ट्याच्या अलीकडे कृष्णातचं गाव. तिथून रोज मोटरसायकलवर सांगली गाठायची आणि सांगली ओलांडून कुपवाड. सांगलीचा पूल येईपर्यंत खांदा गप्प असे. पुलापासून पुढं तो बोलायला लागे आणि फाटकाशी पोचेपर्यंत नुसता ठणकत असे. घरी बायको अंजना त्याला बनियन घालून द्यायची. आधी दुखरा हात, मग डोकं, मग चांगला हात. हा क्रम इतका अंगवळणी पडला होता की ती एकीकडे चुलत्याच्या लेकीच्या सोयरिकीचं बोलत असायची आणि दुसरीकडे नवऱ्याला बनियन चढवत असायची. तिलाही कंटाळा आला होता, त्यालाही आला होता. दुखणं फार मोठं नव्हतं, पण रोजचं होतं.

कारखान्यातली पोरं विचारायची, "हवालदार, गोळी लागली हुती का वो?" कृष्णात नुसता हुं म्हणायचा. गोळी लागली असं लोकांना वाटलं तर वाटू दे. धनुष्य ओढून खांदा गेला म्हणून सांगितलं असतं तर पोरांनी हसून हसून कँटीन डोक्यावर घेतलं असतं.

पण खरं तेच होतं. गावात दसऱ्याला कृष्णातच्या घराचा मान होता. उन्हं कलली की सगळं गाव शिवेवरच्या ओढ्याशी जमायचं. कृष्णातच्या घरातला कर्ता माणूस धनुष्य ओढायचा आणि ओढ्यापल्याड एक बाण सोडायचा. बाण पडेल तिथं जाऊन गावानं आपट्याची पानं वाटायची, एकमेकांना सोनं द्यायचं, पाया पडायचं आणि मग घरी जाऊन पुरणपोळी खायची. बाण पडल्याशिवाय कुणी कुणाला सोनं देत नसे. आणि त्या धनुष्याला दुसऱ्या घरचा हात लागायचा नाही, असा दंडक होता.

कृष्णातचे वडील गुंडाआबा हाडकुळे होते. तब्येतीनं त्यांना कुणी पैलवान म्हणालं नसतं. पण दसऱ्याला त्यांचा बाण ओढा ओलांडून पार जांभळीच्या झाडापाशी पडायचा, तोही साठी उलटून गेल्यावर. लोक म्हणायचे, गुंडाचं धनुष्य गावात दुसऱ्या कुणाच्या बापाला वाकायचं न्हाई. कुणी कधी वाकवून बघितलेलं नव्हतं, दंडकच तसा होता, पण म्हणायचे. कृष्णातनं ते लहानपणापासून ऐकलं होतं, आणि आपला बाप म्हणजे वाघ, हे त्याच्या मनात कोरलं गेलं होतं.

आबा गेले त्या वर्षी कृष्णात रजा काढून दसऱ्याला आला. बापाचं धनुष्य पहिल्यांदा हातात घेतलं, ओढलं, तर ते सहज कानापर्यंत आलं. इतकं सहज की तो ओशाळला. त्याला वाटलं, बांबू जुना झाला, धनुष्य मऊ पडलं. आबा ओढायचे ते हे नव्हे. गावाला कळलं तर गाव म्हणेल, बाप काय ओढायचा आणि पोरगं काय ओढतंय! त्यानं बापाचं धनुष्य देवघरात टांगून टाकलं आणि मनाशी ठरवलं की आबांच्या तोडीचं नवं करून घ्यायचं.

तेव्हा त्याची बदली रांचीकडं झाली होती. तिथं जंगलाच्या कडेला धनुष्यं करणारा एक म्हातारा होता. त्यानं कृष्णातचा खांदा चाचपला, हात लांब करायला लावले आणि एक धनुष्य पुढं केलं. कृष्णात म्हणाला, "और कडक." म्हाताऱ्यानं दुसरं दिलं. "और कडक." म्हाताऱ्यानं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं, आत गेला आणि मनगटाएवढ्या जाड भरीव बांबूचं एक धनुष्य घेऊन आला. ते कृष्णातला अर्धंमुर्धंच ओढता आलं. तेच त्यानं घेतलं.

आपल्या सांगली-साताऱ्याकडं माणूस दुखतंय म्हणाला की पहिला सल्ला मिळतो, जोर मार. पाठ दुखली, जोर मार. खांदा दुखला, जोर वाढव. तालमीत वाढलेल्या माणसाला दुखणं म्हणजे ताकद कमी पडणं, यापलीकडं काही सुचतच नाही. नव्या धनुष्याचा पहिला बाण ओढ्यापल्याड गेला, गावानं शिट्ट्या मारल्या, आणि त्याच क्षणी कृष्णातच्या खांद्यात जुनं धोतर टरकावं तसं काहीतरी टरकलं. त्यानं दुसऱ्या दिवसापासून जोर वाढवले. पुढच्या दसऱ्याला जास्त दुखलं, त्यानं आणखी वाढवले. अशी वर्षं गेली. सांगलीच्या डॉक्टरनं शेवटी फोटो काढून सांगितलं की खांद्यातली दोरी झिजून तिच्या दशा झाल्यात, आता ओढाओढ बंद. कृष्णात बरं म्हणाला. बंद कशी करणार? दसरा काय डॉक्टरला विचारून येतो?

गेल्या वर्षी बाण कसाबसा ओढा ओलांडून पल्याडच्या काठावर पडला, निम्मा पाण्यात. सगळ्यांनी चिखलात उभं राहून सोनं दिलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. तेच त्याला जास्त लागलं. त्या रात्री तो जेवला नाही, आणि पुरणपोळी सोडून उठणारा माणूस घरात सगळ्यांच्या लक्षात राहतो.

ते लक्षात राहिलं होतं त्याच्या मुलीच्या, संयोगिताच्या. ती साताऱ्याला हॉस्टेलवर राहून कॉलेज करायची आणि सकाळ-संध्याकाळ मैदानावर तिरंदाजी शिकायची. बांबूचंच धनुष्य, पण हलकं. दिवाळीनंतर राज्याच्या संघाची निवड होती आणि तिथं शिकवणाऱ्या राजेश्वरी मॅडमनी तिचं नाव घातलं होतं. गणपतीत ती घरी आली तेव्हा म्हणाली होती, "पप्पा, ह्या दसऱ्याला मी मारू का बाण? माझ्या धनुष्यानं?" कृष्णातनं तिला उडवून लावलं. ते खेळायचं धनुष्य, मानाचं वेगळं. पोरगी गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे ऐकलं असा अर्थ कुणी काढू नये, हे अंजनाला माहीत होतं, कृष्णातला नव्हतं.

घटस्थापनेला संयोगिता सुट्टी काढून पुन्हा आली. दोन दिवसांनी सकाळी कृष्णात चहा पीत पडवीत बसला होता. समोर पोरगी केस विंचरत होती, डाव्या हातानं. थोडं विंचरून ती आईपुढं जाऊन बसली, "मम्मी, वेणी घाल की."

"एवढी घोडी झालीस आन् येणी घालाय आई पायजे," अंजना म्हणाली आणि घालायला लागली.

कृष्णातच्या हातातला कप तसाच राहिला. जो हात डोक्यापर्यंत जात नाही, त्याची ओळख त्याच्याएवढी कुणाला असणार?

त्या दिवशी तो कामावर निघाला आणि वेशीवरूनच गाडी वळवली. घराच्या मागं, गोठ्यापलीकडं उसाच्या फडाला लागून मोकळी पट्टी होती. तिथं संयोगिता उभी होती आणि तिच्या हातात त्याचं रांचीचं धनुष्य होतं. ती ओढत होती. उजवा खांदा वर चढून कानाला टेकला होता, कंबर मागं वाकली होती, डावा हात थरथरत होता. दोरी हनुवटीपर्यंत येतच नव्हती. दात खाऊन तिनं बाण सोडला आणि सोडल्याबरोबर उजवा हात पोटाशी धरला.

कृष्णात गोठ्याच्या भिंतीला टेकला. त्यानं स्वतःला धनुष्य ओढताना कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. हा त्याचाच कानाशी गेलेला खांदा होता, त्याचीच वाकडी पाठ. इतकी वर्षं गाव आपल्याला असं बघत होतं, याची त्याला लाज वाटली, पण ती लाज फार टिकली नाही. पोरीच्या चेहऱ्यावरचं दुखणं दिसलं आणि तो भिंत सोडून पुढं झाला.

"कवापास्नं चाललंय हे?"

ती दचकली. "गणपतीला आले हुते तवा हे साताऱ्याला नेलं, तवापास्नं. मॅडमना माहीत न्हाई." मग एकदम म्हणाली, "तुमी माझ्या धनुष्याला खेळणं म्हणला. मग ह्येच वढायला शिकती म्हणलं."

"दुकतंय?"

"न्हाई."

"संयू, दुकतंय?"

"लय," ती म्हणाली आणि तिथंच मातीत बसून रडायला लागली. रडता रडताच सांगत राहिली. मॅडम म्हणतात हातानं ओढायचं नसतं, पाठीनं ओढायचं. खांदा खाली ठेवायचा, पाठीची दोन्ही पाती जवळ आणायची, कोपर आपोआप मागं जातं. पण त्यासाठी धनुष्य आपल्या मापाचं पाहिजे. ह्याला पाठ लागतच नाही, खांदाच वर येतो, काही केल्या खाली राहत नाही. "मॅडमना कळलं तर निवडीला पाठवायच्या न्हाईत. पर गेल्या साली तुमी जेवला न्हाई, पप्पा."

कृष्णातनं धनुष्य उचललं, पेंडीच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलं आणि गाडीला बांधून कुपवाडला निघाला. दसरा आठवड्यावर आला होता. खांद्याच्या दोरीच्या एकदा दशा झाल्या की त्या पुन्हा विणता येत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या खांद्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिचा अजून हातात होता.

कारखान्यापासून दोन गल्ल्या टाकून हाफिजभाईंचं शेड होतं. मशिनी पाठवायच्या लाकडी पेट्या ते करायचे. त्यांचे वडील आष्ट्यात नांगर, बैलगाड्या आणि तालमीचे मुद्गल करायचे, त्यामुळं लाकूड हातात घेतल्यावर हाफिजभाईंना फारसं सांगावं लागत नसे. कृष्णातनं इकडंतिकडं बघून पोतं सोडलं.

"ह्ये जरा हलकं करायचंय. कुणाला बोलू नका."

हाफिजभाईंनी धनुष्य हुकाला टांगलं, दोरीला ताणकाटा अडकवून खाली ओढलं आणि आकडा बघून काटा सोडूनच दिला. "साठाच्या वर पौंड! हवालदार, ह्ये माणसानं वढायचं हाय का बैलानं?" त्यांनी बांबूवरून अंगठा फिरवला. "हुईल. वरच्या सालीला हात लावायचा न्हाई, फुटंल. पोटाकडनं काचंनं तासायचं, दोन्ही अंगांनी सारखं. किती ठेवू?"

"माझ्या पोरीला झेपंल एवढं."

हाफिजभाई हसले. मग हसता हसता थांबले आणि पोत्याकडं बघत राहिले. "गुंडाआबाबी पोत्यातच आणलं हुतं."

"काय?"

"धनुष्य. आमच्या अब्बाकडं. तुमी फौजेत भरती झाला त्या साली. मीच धरून बसलो हुतो, अब्बा तासत हुते. आबा दाराकडं बघत हुते सारखं, कोण येतंय का म्हणून. मरायच्या आधी आणि एकदा आले. अब्बांनी पुन्हा तासलं आन् म्हणले, गुंडा, आता ह्येच्यात तासाय काय उरलं न्हाई. तर आबा म्हणले, खांदा उरला न्हाई रं माझा. पर पोराला कळू दिऊ नका. बाप वाघ हाय असं वाटतंय त्येला, वाटू दे."

कृष्णात पेटीवर बसला. शेडमधल्या पोरानं आणून दिलेला चहा त्याच्या हातात गार झाला. त्याला बापाचा राग आला, मनापासून आला. ज्याच्या तोडीचं व्हायचं म्हणून एवढी वर्षं खांदा घालवला, तो त्या तोडीचा नव्हताच! एका शब्दानं म्हणाले असते तर? घरातल्या घरात, कुणी नसताना? रांचीच्या त्या म्हाताऱ्यानं पुढं केलेलं पहिलंच धनुष्य घेऊन तो परत आला असता. आज स्वतःचं बनियन स्वतः घालत असता.

मग त्याची नजर पायाशी पडलेल्या पोत्यावर गेली. कुणाला बोलू नका, हे शब्द आत्ताच त्याच्या तोंडून निघाले होते. राग होता तसाच राहिला, पण त्यात तो स्वतःही आला.

संध्याकाळी ड्यूटी संपवून तो परत गेला तेव्हा धनुष्य तयार होतं. पेटीला लागून भुश्याचा ढीग पडला होता. हाफिजभाई पोतं घेऊन पुढं आले. कृष्णात म्हणाला, "ते ठेवा तुमच्याकडंच." त्यानं धनुष्य तसंच उघडं गाडीला बांधलं आणि सांगलीच्या भर बाजारातून घरी आणलं.

घरी आल्यावर हातपाय धुऊन तो देवघरात गेला. आबांच्या धनुष्यावर दर खंडेनवमीला लावलेल्या हळदीकुंकवाचे थर चढले होते. त्यानं पोटाकडून नखानं थोडं खरवडलं आणि अंगठा फिरवला. काचेनं तासलेल्याच्या बारीक उभ्या रेघा बोटाला लागल्या. तो बराच वेळ अंगठा फिरवत उभा राहिला. "खांदा उरला न्हाई रं माझा," हे वाक्य बापानं कुणाच्या तरी बापाला सांगितलं होतं, त्याला सांगितलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. राग मात्र गेला नाही, आणि तो जाईल असं त्याला वाटतही नव्हतं.

दसऱ्यापर्यंत संयोगितानं धनुष्याला हात लावायचा नाही, अशी त्यानं तंबी दिली. अंजना रोज तिचा खांदा शेकायची आणि बापलेकीचा एकदमच उद्धार करायची. पोरीनं त्याच्याच सांगण्यावरून मॅडमना फोन करून सगळं कबूल केलं, पोटभर बोलणी खाल्ली. विश्रांती घेतलीस तर जमेल, असं मॅडमनी शेवटी सांगितलं. सहाव्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं वेणी घातली. तेव्हा कृष्णातला पहिल्यांदा जरा बरी झोप लागली.

दसऱ्याला गाव ओढ्याशी जमलं. सरपंच वीरधवल नवीन जाकीट घालून पुढं उभा होता. कृष्णात धनुष्य घेऊन आला आणि त्यानं ते संयोगिताच्या हातात दिलं. कुजबुज झाली. पोरगीच का, म्हणून एकदोघांनी माना वळवल्या, पण घर तेच होतं, त्यामुळं दंडकाला धक्का लागत नव्हता.

"एकच सोडायचा," कृष्णात हळू म्हणाला. "खांदा खाली."

तिनं पाय रोवले, बाण लावला आणि ओढलं. खांदा खाली राहिला. पाठीची पाती जवळ आली, कोपर मागं गेलं, दोरी हनुवटीला येऊन टेकली आणि तिथं शांत थांबली. कृष्णात बाणाकडं बघतच नव्हता, तो तिच्या खांद्याकडं बघत होता. एवढं साधं असतं हे, असं त्याच्या मनात आलं.

पण हलक्या धनुष्याचा बाण तो. उंच गेला, छान गेला आणि ओढ्याच्या अलीकडं गवतात पडला.

गावाच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. संयोगितानं बापाकडं बघितलं, तिचा चेहरा उतरला होता. वीरधवल घसा खाकरून म्हणाला, "दादा, आणि एक मारायचा का? तुमी?"

"न्हाई," कृष्णात म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "धनुष्य हलकं केलंय. मी केलंय, कुपवाडात नेऊन. माझ्या आबांनीबी दोनदा केलं हुतं. त्यांनी सांगितलं न्हाई, म्हणून माझा खांदा गेला. मी सांगतोय. बाण पडलाय तिथं पडलाय."

तेवढ्यात मागून काठी टेकत मनुबाई पुढं आली. गुडघे गेलेली म्हातारी, वर्षानुवर्षं ओढ्याच्या अलीकडंच बसून राहायची. पोरं पल्याडून परत आली की उरलंसुरलं सोनं तिच्या हातात पडायचं.

"गवतात पडला न्हवं?" ती म्हणाली. "मग हुबं का ऱ्हायलायसा? चला की. ह्या साली मला वढा उतराय लागत न्हाई." आणि कुणाची वाट न बघता ती चालायला लागली. तिच्यामागून आणखी दोघी म्हाताऱ्या निघाल्या. मग काय, त्यांच्यामागं गाव निघालं.

बाणाभोवती सोनं वाटायला सुरुवात झाली. वीरधवलनं दिलं, पोराटोरांनी दिलं. पण कुणी कृष्णातच्या नजरेला फारशी नजर देत नव्हतं, आणि पुढं महिनाभर पारावर हाच विषय चघळला जाणार हे त्याला माहीत होतं. त्याचा खांदा ठणकत होता. ओढलं नव्हतं तरी ठणकत होता.

संयोगिता आपट्याची पानं घेऊन त्याच्यापुढं आली. पानं हातात दिली आणि पायाला हात लावून उभी राहिली. त्यानं आशीर्वादाला उजवा हात उचलला. हात छातीपर्यंत आला आणि नेहमीसारखा तिथंच अडला. त्याची मान सवयीनं खाली जायला लागली.

पोरगी ते बघत होती. ती पुन्हा वाकली आणि आपलं डोकं त्याच्या हाताखाली आणून ठेवलं.